वणव्यांचा गौरवग्रंथ

माणसाने स्वतःचा गौरवग्रंथ स्वतःच लिहावा का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, खुशाल लिहावा. फक्त चांगला लिहू नये. रामभाऊ ओव्हाळांनी जाडजूड ग्रंथातली पाच-सहा पानं चांगली लिहिली आणि तिथेच त्यांचा घात झाला.

मी मालिनी. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. एका बाजूला जीन्सच्या बटणांचा होलसेलवाला, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्ती. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांच्या नोटिसा यांच्यावर माझं घर चालतं. बाकी वेळ कवी खातात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत मिळून कवी किती आहेत हे जनगणनेवाल्यांनाही सांगता येणार नाही. ते सगळे माझ्याकडे येतात, कारण मी शुद्धलेखन फुकट सुधारते आणि तोंडावर हसत नाही.

रामभाऊ त्यांच्यातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते फायर अँड सेफ्टीला होते. सिलिंडर तपासायचे, वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या, आणि कुठे वायू गळला तर तोंडाला मास्क चढवून सगळ्यांच्या आधी आत शिरायचं. आयुष्यभर आगी विझवल्या आणि टोपणनाव घेतलं 'वणवा'. यातला विनोद त्यांच्या कधी लक्षात आला नाही आणि मीही तो दाखवून दिला नाही. बुटका, शांत माणूस. खिशाला दोन पेनं. आवाज इतका मऊ की माइक असूनही मागच्या रांगेला काही ऐकू जात नसे. कवितेत मात्र रक्ताचे पाट, ज्वालांचे थवे, धगधगती क्षितिजं. असे नऊ संग्रह त्यांनी पदरमोड करून काढले. चिखलोलीच्या नव्या इमारतीत त्यांचं घर आहे. तिथे पलंगाखाली संग्रहांचे गठ्ठे अजून आहेत. त्यांच्या बायकोला, सुहासिनीवहिनींना, मी एकदा विचारलं की तुम्ही वाचता का? त्या म्हणाल्या, "त्यांच्यामुळे पलंग हलत नाही, एवढं खरं."

पण रामभाऊंचा स्वतःवर विश्वास दांडगा होता. चिखलोलीला नवं रेल्वे स्टेशन व्हायचंय. झालं की भिंतीवर स्थानिक कवींच्या ओळी रंगवतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती आणि चार ओळी तयारही ठेवल्या होत्या. त्रिनगरी साहित्य मंचाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते रोज सकाळी कविता टाकायचे. ती वाचून व्हायच्या आत 'अप्रतिम सर' पडायचं. ते त्याचा फोटो काढून जपून ठेवायचे आणि मला दाखवायचे. 'रसिकांचा कौल,' म्हणायचे.

खरा श्रोता त्यांना आयुष्यात एकच मिळाला. देऊ. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, कंपनीत त्यांच्याच हाताखाली पाण्याचे पाइप ओढायला होता. दोघे वर्षानुवर्षं दुपारी शेडमागे एकत्र डबा खायचे. रामभाऊ आधी कविता वाचायचे, देऊ ऐकायचा, मग डबे उघडायचे. "देऊ शिकलेला नाही, पण त्याला कळतं," रामभाऊ मला सांगायचे. "नुसता बघत बसतो हो माझ्याकडे. असं ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं." देऊचं नाव घेताना त्यांचा चेहरा खुलायचा. एवढी माया त्यांनी घरातही कुणावर केली असेल असं मला वाटत नाही.

तर एकसष्टी आली. आपल्याकडे लिहिणाऱ्या माणसाची एकसष्टी म्हणजे शाल, श्रीफळ आणि गौरवग्रंथ. ग्रंथात मित्रांनी, चाहत्यांनी लेख लिहायचे, आणि ज्याचा गौरव आहे त्याने 'मला यातलं काहीच माहीत नव्हतं' असा चेहरा करून स्टेजवर बसायचं. रामभाऊंनी सत्कार समिती स्थापन केली. समितीतल्या निम्म्या लोकांना आपण समितीत आहोत हे पत्रिका छापल्यावर कळलं. ग्रंथाचं नाव ठरलं 'वणवा : एक धगधगते पर्व'. ग्रुपवर आवाहन गेलं, लेख पाठवा. उत्तरं भराभर आली. हात जोडलेले, फुलं, 'नक्की सर', 'हे आमचं भाग्य'. लेख मात्र एकही आला नाही. मुदत वाढवली. पुन्हा हात जोडलेले आले.

शेवटी रामभाऊंनी एकेकाला फोन केला. "तुमच्या लेखाचा एक कच्चा मसुदा मी करून ठेवलाय, नाव घालू का?" समोरचा सुटल्यासारखा म्हणायचा, "घाला घाला, तुम्ही कुठे परके आहात!" मंचाच्या अध्यक्षांचा लेख असाच झाला. कोषाध्यक्षांचा, बुद्धविहारातल्या गुरुजींचा, कंपनीच्या जुन्या मॅनेजरचा, सगळ्यांचे तसेच. मी कंपोज करत होते. सगळ्या लेखांत रामभाऊ 'युगप्रवर्तक' होते आणि सगळ्या लेखांत क्षितिज धगधगत होतं. माझी बोटं चालत होती आणि डोकं झोपलं होतं.

आणि मग देऊचा लेख आला. माझी बोटं थांबली. तो पाड्यावरच्या बोलीत लिहिलेला होता. त्यातल्या ओळी मला अजून पाठ आहेत.

"गेटवर सायरन झाला का आमी सगली बाहेर पलायचो आन रामभाऊ आत जायचा. तवा त्याचा हात कदी हलला नाय. कविता वाचताना हलतो. कागद थरथरतो. त्याच्या कविता मना कलत नाय. पन तो वाचाया लागला का मी गप बसतो. त्याचा ऐकनारा दुसरा कोन हाय?"

लेखात पुढे निवृत्तीचा दिवस होता. निरोपाचा नारळ घेऊन रामभाऊ बाहेर पडले, गेटपाशी थांबले, आणि सायरन वाजेल म्हणून उगाच उभे राहिले. कुठे ज्वाला नाही, कुठे रक्त नाही. मी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या स्टुलावर बसून कटिंग चहा पीत होते.

"रामभाऊ, हा लेख फार चांगला आहे हो."

"देऊ बरा लिहितो, नाही?" ते समाधानाने म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. इतरांना त्यांनी निदान फोन तरी केला होता. देऊला विचारायची गरजही वाटली नव्हती. देऊच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊकच आहे, आपण फक्त कागदावर उतरवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

विहाराच्या हॉलमध्ये सत्कार झाला. लोक जेवून गेले, ग्रंथ बऱ्याच जणांनी खुर्चीवरच सोडला. ते एवढ्यावरच मिटलं असतं. पण रामभाऊंना प्रत्येक पुस्तक प्रत्येक पुरस्काराला पाठवायची खोड. 'उत्कृष्ट गौरवग्रंथ' असा पुरस्कार कुठेतरी असणारच, या आशेवर त्यांनी चार ठिकाणी प्रती पाठवल्या. बदलापुरातल्या एका संस्थेकडून फोन आला. वर्षातल्या उत्कृष्ट व्यक्तिलेखाचा पुरस्कार देऊला जाहीर झाला होता. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'अस्सल मातीतून उगवलेला आवाज.'

रामभाऊ माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लेखणीला परक्या माणसाने चांगलं म्हटलं होतं. नाव देऊचं का असेना. "मी आजच पाड्यावर जातो," ते म्हणाले. "देऊ पुरस्कार घेणारच नाही बघा. म्हणेल, रामभाऊ, हा तुझा आहे, तूच वर जा. मग मी नको नको म्हणेन. शेवटी दोघं मिळून जाऊ." स्टेजवर कोण कुठे उभा राहील तेही त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आले ते पाय ओढत. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. देऊ अंगणात विळ्याला धार लावत होता. बातमी ऐकून त्याने विळा बाजूला ठेवला, बायकोला, चंद्रीला, हाक मारली आणि विचारलं, "कवा जायाचा हाय? कपडे कंचे घालू?"

"तो गोंधळला असेल," रामभाऊ म्हणाले. "स्टेजवर गेल्यावर बोलेल बरोबर."

समारंभाला मी गेले होते. देऊ पांढराशुभ्र सदरा घालून आला होता आणि त्याच्यामागे टेम्पो भरून पाडा. रामभाऊंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, लेखाचा विषय म्हणून. त्यांच्या हातात गुलाबाचं एक फूल दिलं होतं. देऊने ट्रॉफी घेतली, माइकसमोर उभा राहिला, आणि मी शप्पथ सांगते, हा माणूस जन्मात कधी माइकसमोर उभा राहिला नसेल असं कुणाला वाटलं नसतं.

"मी काय लेखक नाय," तो म्हणाला. टाळ्या. "जा मनात व्हता ता लिवला." पुन्हा टाळ्या. "रामभाऊच्या कवितांचा मना काय बी कलला नाय. मंग ऐकायचो कशाला? तर खरा सांगू? वैनी बोंबलाचा कालवन लय झ्याक करते. आन कविता संपल्याबिगर हा डबा उघडायचा नाय!"

सभागृह हसून हसून लोटपोट. शेजारचे एक गृहस्थ तर रामभाऊंच्याच पाठीवर थाप मारून हसले. रामभाऊही हसले. तसं हसू मी माणसाच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. मग देऊने लेख वाचला. अडखळत, ओळीवर बोट ठेवून वाचला, आणि त्या अडखळण्यानेच तो आणखी खरा वाटला. लोक डोळे पुसत होते. लिहिणारा पहिल्या रांगेत फूल धरून बसला होता आणि टाळ्या वाजवायच्या तर ते फूल कुठे ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं.

त्यानंतर देऊचं नशीबच फिरलं. एका यूट्यूबवाल्याने त्याची मुलाखत घेतली. शाळांतून बोलावणी आली. मंचाने त्याला सन्माननीय सदस्य केलं, जे रामभाऊंना पंचवीस वर्षांत केलं नव्हतं. रामभाऊ एकदा हिय्या करून त्याच्याशी बोलायला गेले. देऊ म्हणाला, "माजा नाव घातलास तवा मना इचारलास? तुज्या डोक्यात मी तुजा भगत, झाला. आता मी त्या नावाचा काय बी करीन." हे रामभाऊंनी मला सांगितलं. त्या माणसाचं अगदीच चूक होतं असं मला म्हणता येईना. पण माझा राग गेला नाही तो नाहीच.

"मालिनीताई," रामभाऊ म्हणाले, "तुम्ही मंचाच्या बैठकीत सांगाल? तुम्ही कंपोज केलंय. तुम्हाला माहीत आहे."

"लोक हसतील, रामभाऊ. माणसाने स्वतःवरच गौरवग्रंथ लिहिला म्हणतील."

"हसू देत. तो लेख माझा आहे. आयुष्यात तेवढाच आहे."

तेव्हा मला कळलं की नऊ संग्रहांचं काय झालं हे त्यांनाही कुठेतरी उमगलं होतं. मी हो म्हटलं.

मंचाची बैठक अंबरनाथला एका शाळेच्या वर्गात भरते. लहान मुलांच्या बाकांवर मोठाले कवी गुडघे पोटाशी घेऊन बसतात. त्या दिवशी देऊ पाहुणा म्हणून आला होता आणि त्याला बाईंची खुर्ची दिली होती. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. "देऊभाऊंचा लेख रामभाऊंनी लिहिलाय. मी माझ्या हाताने कंपोज केलाय. आणि त्यांचाच कशाला, ग्रंथातले सगळेच लेख रामभाऊंनी लिहिलेत. तुमचेसुद्धा."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मग अध्यक्ष उठले. हे निवृत्त प्राध्यापक. "माझा लेख," ते म्हणाले, "मी तीन रात्री जागून लिहिलाय." कोषाध्यक्ष म्हणाले, "माझ्या बायकोने मला तो लिहिताना बघितलंय." एकापाठोपाठ एक, सगळ्यांना आपापला लेख लिहिल्याचं आठवू लागलं. कुणाला टेबल आठवलं, कुणाला चहा. पुरस्कारप्राप्त ग्रंथातला लेख आता कोण सोडणार? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रोज सकाळी 'अप्रतिम सर' लिहिणारी हीच तोंडं होती.

"आणि शैलीचं काय?" अध्यक्ष मायेने म्हणाले. ती माया ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "वणवासाहेब, आम्ही पंचवीस वर्षं तुम्हाला ऐकतोय. तुमची शैली आम्हाला कळत नाही का? बरं, राहू दे. हा खडू घ्या. देऊभाऊंच्या ढंगातल्या चार ओळी फळ्यावर लिहा. आत्ता."

रामभाऊ फळ्याकडे गेले. त्यांनी खडू धरला. सगळा मंच बघत होता, देऊही बघत होता. किती तरी वेळ ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग लिहिलं: 'हे धगधगत्या क्षितिजाच्या प्रलयंकर...' पुढे त्यांना सुचेना. मागे कुणीतरी खुदकन हसलं. चार माणसांसमोर स्वतःच्या नावाने लिहायची वेळ आली की त्यांच्या हातून दुसरं काही उतरतच नव्हतं.

अध्यक्षांनी देऊला विचारलं, "देऊभाऊ, तुम्ही काय म्हणता?"

देऊ खुर्चीतून उठला. त्याने रामभाऊंकडे बघितलं. रामभाऊंनीही त्याच्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की एवढं होऊनही त्यांना अजून आशा होती.

"रामभाऊ माजा दोस्त हाय," देऊ म्हणाला. "तो बोलतो का त्याना लिवला, तर त्यानाच लिवला. घ्या लिवून. मना काय करायचाय नावाचा?"

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. "याला म्हणतात मोठं मन!" कोषाध्यक्ष ओरडले. अध्यक्षांनी देऊला मिठी मारली. तो खरं बोलला होता, आणि ते असं बोलला होता की त्यावर कुणीही विश्वास ठेवू नये. हे त्याला नीट माहीत होतं. मिठीतून त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे वळवले. रामभाऊंनी डस्टर घेऊन ती ओळ पुसली, हात झटकले आणि ते बाहेर पडले. 'वणवासाहेब, चहा येतोय,' असं कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर ग्रुपवर त्यांची सकाळची कविता बंद झाली. महिन्याभरात कुणी 'वणवासाहेब कुठे आहेत' असं विचारलं नाही. मी दोनदा फोन केला. सुहासिनीवहिनी म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत लिहीत बसतात. पूर्वी मोठ्याने वाचायचे, आता तेही नाही. घर खायला उठतं हो."

मग एका दुपारी ते दुकानात आले. पिशवीतून कागद काढले. पुण्याच्या एका प्रकाशकाने देऊकडे आत्मकथा मागितली होती. देऊ चिखलोलीला त्यांच्या घरी येऊन गेला होता. माफी मागायला नव्हे. सोफ्यावर बसून, पाणी पिऊन म्हणाला होता, "मना कुठं लिवता येतो? तूच लिव."

"आणि तुम्ही हो म्हणालात?" माझा आवाज चढला. बटणवाल्याने डोकावून बघितलं. "त्या माणसासाठी? नाव कुणाचं पडणार?"

"देऊचंच. पुस्तक त्याचं आहे."

मी रागाने कागद ओढले. पहिलं वाक्य होतं: "रामभाऊ ओव्हाल गेला त्या दिवशी मी भात लावत व्हतो. मना कुनी कलवलाच नाय."

"अहो, हे काय? तुम्ही धडधडीत समोर बसलाय."

"तसं घेतलं की बरं लिहिता येतं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि देऊला कळवणार कोण? मेसेज मंचाच्या ग्रुपवर पडणार. तेव्हा देऊ ग्रुपवर नसेल असं धरलंय. मग तो चार दिवसांनी चिखलोलीला येतो, बिल्डिंगच्या खाली उभा राहतो, आणि वर यायचं धाडस होत नाही त्याला. तिथून पुढे सगळं आठवत जातो."

मी वाचत गेले. पुढे तो देऊ खाली उभा राहून रडला होता, खरा देऊ आयुष्यात कधी रडला नसता तसा. खरा देऊ जे कधीच बोलला नाही ते सगळं हा देऊ बोलत होता. पहिल्या लेखापेक्षाही चांगलं होतं. कितीतरी चांगलं. मला देऊचा संताप आला, त्या गुडघे दुमडून बसणाऱ्या मंचाचा आला, आणि सगळ्यात जास्त समोर स्टुलावर बसलेल्या माणसाचा आला, की एवढं लिहिता येतं आणि जिवंतपणी, स्वतःच्या नावाने, एक ओळ येत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बघितलं.

"चांगलं झालंय ना?" त्यांनी विचारलं.

"फार चांगलं झालंय, रामभाऊ."

त्यांचा चेहरा खुलला.

"देऊला सांगतो," ते म्हणाले.